सोनेरी स्प्रिंग आणि सोनवणेकाकूंची चौथी टेस्ट

चहा आधी खाली ठेवा. नंतर शर्टावर सांडला तर माझ्या नावाने ओरडायचं नाही!

पंचवटीतले भाजीवाले अजूनही मला बघितलं की कमरेत वाकून नमस्कार करतात. आदराने? छे हो! का करतात, तेच सांगतोय.

आमच्या पप्पांचं ड्रायव्हिंग स्कूल. एक खोली, एक टेबल, एक पांढरी झेन, तिच्या टपावर लाल 'एल'. आणि शटरच्या वर पाटी : 'शंभर टक्के पास'. त्या पाटीखाली मी एकदा खडूने लिहून ठेवलं, 'सोनवणेकाकू सोडून'.

आता तुम्हीच सांगा, खोटं होतं का? काकू तीनदा नापास झाल्या होत्या! बालवाडीच्या रिटायर बाई. आठचा आकडा असा सुबक काढायच्या, की वाटावं पाटीवर पोरांना शिकवतायत. रिव्हर्स फर्स्टक्लास. पण टेस्टच्या मैदानात मातीचा एक उंचवटा आहे. त्याच्या माथ्यावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता परत निघायचं. तिथे काकू पोचल्या की गाडी मागे, काकूंचे डोळे बंद आणि तोंडात 'रामा रामा'.

त्यांची सून मात्र पहिल्या झटक्यात पास. आता तीच काकूंना देवळात सोडायची आणि रस्ताभर कॉमेंट्री, "आई बघा, असं वळायचं असतं." काकू पार जेरीला आल्या होत्या. पप्पांना म्हणाल्या, "मास्तर, ही चौथी आणि शेवटची. नाही जमलं तर परत स्टेअरिंगला हात लावायची नाही. जन्मभर तिच्या शेजारी बसून ऐकून घेईन!"

पप्पा बिचारे आठवडाभर नीट जेवले नाहीत.

आणि काकूंच्या टेस्टच्या दिवशीच, त्याच झेनवर, माझीही टेस्ट होती. नुकताच अठरा पूर्ण. मला काय टेन्शन? दहावीला मी दोनदा बसलो, पण गाडीत एकदाच बसलो आणि शिकलो!

आता खरी गंमत. माझ्या दोस्ताने, बंट्याने, मुंबईच्या आतेभावाकडून एक जोडी आणली. कॉइलओव्हर! म्हणजे काय, तर चाकाचे धक्के झेलणारा शॉकअप आणि त्याच्याभोवतीच स्प्रिंग. शॉकअपच्या अंगावर आटे, आट्यांवर एक रिंग. रिंग खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की गाडी वर. आणि रंग? सोनेरी, राव! सायबर कॅफेत मी फोटो बघितलेले, जमिनीला चिकटून पळणाऱ्या गाड्यांचे. मी तिथल्या तिथे बंट्याला माझी सायकल देऊन टाकली आणि जोडी घरी आणली.

टेस्टच्या आदल्या दिवशी पप्पा एका लग्नाला निफाडला गेले. त्यांची एसटी सुटते न सुटते तोच आम्ही अंगणात झेनला पुढून जॅक लावला. चाकं काढली. बोनेट उघडून वरचे नट सोडले, खालचे दोन मोठे बोल्ट सोडले, जुने शॉकअप बाहेर, सोनेरी आत. दुपारपर्यंत काम फत्ते! बोटं सोलली, बंट्याच्या कपाळाला बोनेट लागलं, पण फत्ते.

गाडी जॅकवरून खाली घेतली. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घालून मापलं. चार बोटं. आधी पण चारच होती!

"भावा, ही खाली आलीच नाही," बंट्या म्हणाला.

"रिंग अजून खाली घे."

परत जॅक, परत चाकं काढा, रिंग खाली, चाकं लावा, जॅक काढा. मापलं. चार बोटं!

"जरा पुढे-मागे ढकलून बघू का?" बंट्याने विचारलं.

"ढकलून काय होणारे? ती काय म्हैस आहे का? रिंग फिरव!"

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हुशार वाक्य आहे ते.

संध्याकाळपर्यंत चारदा चाकं काढली. शेवटी दोन्ही रिंगा आट्यांच्या तळाला जाऊन टेकल्या. गाडी? चार बोटं! मी वैतागून पाना फेकला. "डुप्लिकेट माल दिला तुझ्या भावाने! माझी सायकल परत दे!" बंट्या त्याच सायकलवर बसला आणि घंटी वाजवत निघून गेला.

मनात म्हटलं, जाऊ दे. निदान पप्पांना कळणार तरी नाही. गाडी होती तशीच दिसतेय!

सकाळी काकू आल्या. कपाळावर अंगारा, पर्समध्ये खडीसाखर. मैदानापर्यंत प्रॅक्टिस म्हणून त्याच गाडी नेणार होत्या. पप्पा शेजारी, मी मागे. काकूंनी हळूच क्लच सोडला. गाडी दहा फूट गेली असेल, आणि हवा गेलेल्या फुग्यासारखी सुंऽऽऽ करत पुढून खाली बसली. पार रस्त्याला नाक!

"अगं बाई!" काकूंनी कचकन ब्रेक मारला. "मास्तर, माझं वजन वाढलं का हो?"

पप्पा उतरले. वाकून चाकाच्या वर बघितलं. मग मागच्या खिडकीशी आले. आता आमच्या पप्पांचं एक आहे, शिकणाऱ्यांसमोर ते कधी आवाज चढवत नाहीत. आवाज इतका गोड, की माझ्या अंगावर काटा आला.

"राजा, आतमध्ये सोनेरी सोनेरी काय दिसतंय रे?"

"कॉइलओव्हर."

"कधी बसवलंस?"

"काल. पण पप्पा, काल ती खाली आलीच नव्हती! देवाशपथ! चार बोटं होती!"

"जॅकवरून उतरवल्यावर चाकं आत ओढलेली असतात, राजा. टायर फरशीला धरून ठेवतात. गाडी दोन पावलं हलवली की मग बसते. हलवून मग मापायचं असतं. हलवली होतीस?"

मला बंट्या आठवला. म्हैस आठवली.

"नाही."

"बरं. घरी गेल्यावर आपण बोलू हं."

परत वर करायला वेळच नव्हता. टेस्ट दहाला. निघालो. अहो, काय वरात होती ती! पंचवटीतला प्रत्येक स्पीडब्रेकर आला की मी आणि पप्पा उतरायचो, काकू एकट्या गाडी तिरकी करून पलीकडे न्यायच्या, आम्ही परत बसायचो. बंपरला बांधलेली लिंबू-मिरची रस्त्यावरून फरफटत होती. मंडईपाशी एक भाजीवाला ओरडला, "मास्तर, गाडी काय रामाला नमस्कार करत चालली का?" आणि कमरेत वाकून दाखवलं. बाकीच्यांनी लगेच उचललं. कळलं आता?

मैदानात टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर रजिस्टर, पायाशी चहाचा थर्मास. काकू एकट्या गाडीत. आठचा आकडा झाला. रिव्हर्स झाला. मग उंचवटा. पप्पांनी माझा दंड असा धरला, की तिथे अजून बोटं दिसतात.

पुढची चाकं माथ्यावरून पलीकडे जातात न जातात तोच साहेब ओरडले, "थांबवा!"

काकू थांबल्या. घाबरून गाडी न्यूट्रल केली, दोन्ही पाय वर उचलले, डोळे मिटले, 'रामा रामा' सुरू. ना ब्रेक, ना हँडब्रेक!

आणि गाडी? तसूभर हलली नाही! हलणार कशी? माझ्या कृपेने तिचं पोट मातीवर टेकलं होतं!

साहेब खुर्चीतून उठले. "वा! काय कंट्रोल आहे बाई! आता चला."

काकूंनी डोळे उघडले, फर्स्ट टाकला, दणकून रेस दिली. खर्रर्र! पोटाने माथा खरडत गाडी पलीकडे. पास! काकूंनी साहेबांच्या हातावर खडीसाखर ठेवली. पप्पांनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, पोरा, तू शास्त्रज्ञ आहेस.

मग माझा नंबर. मला आता युक्ती कळली होती ना! एका हाताने आठचा आकडा काढला. केसांवरून हात फिरवत रिव्हर्स. उंचवट्यावर गाडी चढवली. "थांबव!" थांबवली. न्यूट्रल केली, पाय वर घेतले आणि दोन्ही हात खिडकीबाहेर काढून ओरडलो, "साहेब, हे बघा कंट्रोल!"

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काकूंनी जाताना उंचवट्याचा माथा तासून सपाट केला होता.

झेन मागे निघाली. आधी हळू, मग जोरात. हात आत घेऊन पाय ब्रेकवर ठेवेपर्यंत मागून 'कडाक' असा आवाज आला. नशीब, साहेब अजून उभेच होते. खुर्ची मात्र बसली. थर्मासही.

साहेबांनी रजिस्टरमध्ये काहीतरी दोनदा अधोरेखित केलं.

घरी कसं जायचं? सायकल तर बंट्याकडे. गाडी चालवली नव्या लायसनवाल्या काकूंनी, मी मागे. सगळ्या रस्त्याने मान वळवून कॉमेंट्री, "हे बघ बाळा, असं वळायचं असतं." आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला, "उतर बाळा. आता बस बाळा."

घरी गेल्यावर पप्पा काय बोलले ते सोडा. ते बोललेच नाहीत, त्यांनी बरंच काही केलं.

दुसऱ्या दिवशी स्कूलचं शटर उघडायला गेलो. 'शंभर टक्के पास'च्या खाली माझं खडूचं वाक्य पुसलेलं होतं. त्या जागी बालवाडीच्या बाईंच्या वळणदार अक्षरात नवीन ओळ होती : 'मास्तरांचा मुलगा सोडून'.

मी हसलो, थुंकी लावली आणि बोटाने पुसायला गेलो.

बोट लाल झालं. काकूंनी खडू नाही, ऑइलपेंट वापरला होता.