येळवसचं कुलूप

आमच्या लातूरच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर दयानंदनं एका दुपारी टाकलं, "कावेरीमावशी गेल्या. भावपूर्ण श्रद्धांजली." संध्याकाळपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कधी गेल्या, कशानं गेल्या, कुणी विचारलं नाही. मीही नांदेडच्या ऑफिसात बसून हात जोडले. लातूरला शिकायला होतो तेव्हा या बाईनं दोन वर्षं आम्हा सगळ्यांना जेवू घातलं होतं.

मग दयानंदलाच फोन लावला. तो पुण्यात असतो. म्हणालो, "तुला कुणी सांगितलं?"

"अरे, पोराला लातूरला क्लास लावायचाय म्हणून मावशीची खानावळ फोनच्या नकाशावर शोधली. तिथं लाल अक्षरांत लिहिलंय, कायमचे बंद. मावशी जिवंत असताना खानावळ कायमची बंद होईल का, तूच सांग."

मावशीच्या घरच्यांना भेटून यावं म्हणून रविवारी मी लातूरची बस धरली.

मी मूळचा हदगावचा. अकरावीला वडिलांनी लातूरला आणलं तेव्हा शोधायचं म्हणजे माणसाला विचारायचं. वडिलांनी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, चहावाल्यानं रिक्षावाल्याकडं बोट दाखवलं आणि रिक्षावाला माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरगं जेवायला लाजतंय का? मग कावेरीबाईकडं घाला." मावशीची सगळी जाहिरात ती एवढीच, आणि ती फुकट होती. पहिल्याच दिवशी मी ताटावर हात आडवा धरला तर मावशी डाफरली, "अर्धी घे." तिची अर्धी म्हणजे पूर्ण एक भाकरी, हे मला नंतर कळलं.

पहिला महिना मी रोज रात्री घरच्या आठवणीनं रडायचो. सकाळी सुजलेले डोळे तिला दिसायचेच. महिन्यानं वडील भेटायला आले, म्हणाले, "रमलं का पोरगं?" मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "जेवतंय चांगलं." बाकीचं तिनं पोटात ठेवलं. किती पोरांचं काय काय त्या पोटात असेल, तिचं तिलाच माहीत. नापास कोण झालं, चिठ्ठ्या कोण लिहितंय, सगळं तिला कळायचं आणि एकाही बापाला तिनं सांगितलं नाही.

आता बसमध्ये मी फोनवर तिची खानावळ उघडली तर खाली लोकांनी लिहून ठेवलेलं. 'भाजी बरी. मावशी जेवताना मोबाइल बघू देत नाहीत. एक तारा.' वर मावशीचा फोटो, पदर खोचून पीठ मळताना, कुणीतरी न विचारता काढलेला. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांचं झाकलं, तिचीच ही अशी चव्हाट्यावर मांडणी. मला रागच आला. पण ज्याच्यावर रागवावं असा माणूसच तिथं नव्हता.

गल्लीत पोचलो. खानावळीचं दार उघडं होतं. फोडणीचा वास आला आणि हातात उलथनं घेऊन मावशी बाहेर आली.

"कोण, भारत? तोंड असं का उतरवून आलास रं? घरी समदं ठीक हाय न्हवं?"

मी तिचे पाय धरले आणि तिथंच उंबऱ्यावर बसून वेड्यासारखा हसत सुटलो. ती म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय का? आत ये, जेव."

आत गेलो आणि हसू आटलं. आमच्या वेळी जिथं पंगतीला जागा मिळायची नाही, तिथं चार-पाच मुली जेवत होत्या. बाकीची टेबलं पुसून ठेवलेली. मावशी माझ्यासमोर बसली. इतकी हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"हाताची चव गेली बाबा माझ्या. दोन वर्सं झाली, नवं लेकरू येईना. मसाला बदलून बघितला. रविवारी त्या नूडल्स बी करून बघितल्या. ह्या पोरी जुन्या हायत, ह्या शिकून गेल्या की बंद करायचं ठरवलंय."

मी फोन काढून तिच्यापुढं धरला आणि वाचून दाखवलं. तिला काही उमगेना. तिनं शेजारच्या झेरॉक्सवाल्या बालाजीला हाक मारली. बालाजीनं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मावशी, ह्ये मीच केलं जणू."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. ज्वारीत कडब्याची कोप उभारायची, पूजा करायची, डाळी-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे खायचे आणि दिसेल त्याला जेवायला बसवायचं. गावात चिटपाखरू नसतं. दुकानावर 'आज बंद' अशी पाटी कुणी लावत नाही, कारण वाचणार कोण? दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी कुणी बाहेरगावचा उपाशीपोटी आला असावा. कुलूप बघून त्यानं फोनवर 'बंद' कळवलं. आणि फोननं खात्री करायला विचारलं कुणाला, तर बालाजीला.

"आमी शेतात जेवत होतो. फोनवर आलं, कावेरी खानावळ बंद हाय का? समोर तर मावशीच आंबील वाढत होती. म्हटलं, बंदच हाय की आज! खोटं कसं सांगायचं? दाबलं, हो."

आता मावशी बालाजीला सोलून काढणार असं मला वाटलं. पण तिचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं.

"म्हंजी," ती म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली न्हाई?"

मी ताटातला घास खाल्ला. तीच आमटी, तोच ठसका. "न्हाई मावशी," म्हणालो. ती उठून चुलीकडं तोंड करून उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. थोड्या वेळानं तिकडूनच आवाज आला, "अन् तुमी समदे शिकलेले! फोननं सांगितलं अन् मानलं? एकाला बी यावं वाटलं न्हाई?"

बालाजीनं तिथंच चूक दुरुस्त करायला टाकली. ग्रुपवर कळवलं तेव्हा जोडलेले हात पटापट पुसले गेले आणि ज्यानं त्यानं तिच्या भाकरीबद्दल चार ओळी लिहिल्या. काही दिवसांनी लाल अक्षरं गेली. तिचा फोटो काढून टाका म्हणून मी दोनदा तक्रार केली, तो मात्र अजून तिथंच आहे. नवं सत्र सुरू झालं आणि टेबलं हळूहळू भरायला लागली.

यंदा येळवसला मी मुद्दाम गेलो. दाराला कुलूप लावल्यावर बालाजी पुठ्ठा घेऊन आला. "मावशी, आज बंद, असं लिहू?"

"बंद म्हून लिहायचं न्हाई."

मग तिनं सांगितलं तसं त्यानं लिहिलं, 'खानावळ शेतात गेली आहे. भूक लागली असेल तर या.' खाली शेताचा रस्ता आणि त्याचा नंबर.

दुपारी रिक्षा भरून बाहेरगावची पोरं आली, ज्यांना येळवस म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. त्यांच्या मागून पोराला घेऊन दयानंद बांधावरून येताना दिसला. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती. मावशीनं त्याला खालून वर न्याहाळलं.

"मला मारणारा तूच न्हवं? बस."

तो कोपीजवळ खाली बसला. तिनं त्याच्या ताटात भज्जी वाढली आणि भाकरी पुढं केली. त्यानं सवयीनं ताटावर हात आडवा धरला, तर तो तिनं बाजूला सारला.

"अर्धी घे."