मधले महिने

"तुमच्या चार्टात वेगळं काय आहे?" हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता तो ऐकला तरी डोकं फिरतं. चार्ट काढून देणारे कंपोनंट ढिगाने पडलेत. डेव्हलपरने आकडे द्यायचे, त्या तयार तुकड्याने पडद्यावर रेघ काढायची, एवढंच तर काम. रंग सगळ्यांकडे आहेत, बोट लावलं की आकडा वर येणंही सगळ्यांकडे आहे. आमच्या कंपोनंटमध्ये जास्तीची एकच गोष्ट होती आणि ती मी केली होती. जिथे आकडा नाही, तिथे आमची रेघ तुटायची.

ऐकणाऱ्याचा चेहराच पडायचा. मग मी समजावत बसायचो. समजा, एका लेकराचं वजन दर महिन्याला घेतात आणि मधले काही महिने घेतलंच नाही. बहुतेक जण काय करतात? आधीचा ठिपका आणि नंतरचा ठिपका सरळ जोडून मोकळे होतात. पाहणाऱ्याला वाटतं, मधलंही कुणीतरी मोजलंय. आमची रेघ तिथे थांबायची, मोकळी जागा सोडायची. त्या जागेला बोट लावलं की लिहून यायचं, 'मोजलेले नाही', आणि का मोजलं नाही तेही.

हे मला पुस्तकं वाचून सुचलेलं नाही. मी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढतं आणि अर्ध्या तांड्याला कुलूप लागतं. ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं अशीच मोजतात. परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. मधल्या महिन्यांत ती लेकरं ना इथल्या अंगणवाडीत असतात, ना तिथल्या. माझे आईवडील असेच जायचे. मला आत्याकडे मागे ठेवलं म्हणून मी शिकलो. मोठ्या बहिणीला धाकट्यांना सांभाळायला सोबत नेलं, म्हणून ती शिकली नाही. आज मी वाशीमला भाड्याच्या घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो आणि ती नवऱ्यासोबत कोयता धरते.

आमचा कंपोनंट पहिल्यांदा कुणी मनापासून उचलला असेल, तर अंगणवाडीताईंच्या फोनसाठी ॲप बनवणाऱ्या एका कंत्राटी कंपनीने. लेकरांच्या वजनाचा आलेख! मी एवढा खूश झालो की बायकोला स्वयंपाकघरातच उचलून घेतलं. ती ओरडली, "खाली ठेवा आधी, कुकर लागलाय!" मला वाटलं, ज्यासाठी केलं तिथेच पोचलं. आता कुणाला तरी दिसेल की दिवाळी ते पाडवा आमची लेकरं कुणाच्याच नजरेत नसतात.

कसलं काय. मीटिंगमध्ये तुटकी रेघ पाहून त्यांचा माणूस म्हणाला, "हे बरं दिसत नाही. साहेबांना वाटेल ॲप बंद पडलंय." आमचा टीम लीड लगेच माझ्याकडे वळला, "जोडून टाक ना यार. एका ओळीचं तर काम आहे." मी भांडलो. आवाज चढवून भांडलो. म्हटलं, "अहो, लेकरू तेव्हा कुठे होतं हे आपल्याला माहीत नाही, तेवढंच तर खरं सांगतोय आपण!" तो म्हणाला, "तू ना, फार मनाला लावून घेतोस." संध्याकाळी त्याने स्वतःच ती ओळ बदलली. मोकळी जागा गेली, 'मोजलेले नाही' गेलं. आता रेघेवर मधे कुठेही बोट ठेवा, दोन टोकांवरून काढलेला एक आकडा दिसतो. गणित अगदी बरोबर असतं त्याचं. तसं वजन कुणी केलेलं नसतं, एवढंच.

त्याच हंगामात माझ्या बहिणीची धाकटी मुलगी उसाच्या फडावर आजारी पडली. दोन वर्षांची पोर. ऐन थंडीत जुलाब-उलट्या लागल्या. "हाडं हाडं राह्यली होती रे भाऊ," बहीण परत आल्यावर सांगत होती. "डोये वर गेलते तिचे. मी त आशाच सोडली होती." तिथल्या कुणा डॉक्टरने सलाइन लावलं म्हणून पोर वाचली. पाडव्याला आली तोवर अंगावर थोडं मांस धरलं होतं, अंगणवाडीत वजनही दिवाळीपेक्षा थोडं जास्तच भरलं, पण पोट अजून ठिकाणावर नव्हतं. बहीण थेट आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोच्या मांडीवर तिला बसवून म्हणाली, "पुढच्या खेपेले हिले नेत नाई मी. तुमच्यापाशी ठेवते."

आम्हाला मूल नाही. यात लपवण्यासारखं काही नाही, अख्ख्या तांड्याला माहीत आहे. बायको त्याच दिवशी बाजारातून दोन फ्रॉक घेऊन आली. भाऊजी मात्र हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "डॉक्टर काय म्हनते पाहू," एवढंच. म्हणजे डॉक्टरने 'हिला नेऊ नका' म्हटलं की पोर आमच्याकडे राहणार, हे ठरल्यासारखं झालं.

तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा मी सुट्टी काढून गेलो. बाहेर ही गर्दी, लेकरांचं रडणं. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. अंगणवाडीताईने तिचा फोन त्याच्यापुढे धरला आणि मला ती रेघ दिसली. तो निळा रंग मी निवडलेला. आपण घरी केलेली वस्तू परक्याच्या हातात ओळखू यावी तशी ती मला ओळखू आली.

बहीण सांगत होती, "थंडीत लय बिमार होती जी पोट्टी. मराले टेकली होती." डॉक्टरने रेघेवर बोट ठेवलं. "जानेवारीत ना? वजन तर चांगलं होतं की. हे काय, वाढतच गेलंय."

"नाई जी, तवा त..."

"बाई, इथे दिसतंय ना समोर."

मी मधे पडलो. म्हटलं, "सर, जानेवारीत कुणी वजनच केलेलं नाही. ती रेघ नुसती जोडलेली आहे." तो म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?" "मीच बनवलंय हे." त्याने वर पाहिलं, हसला. "तुम्ही बनवलंय? मग असं का बनवलं?" वाईट बोलला नाही तो. खरंच विचारत होता. पण तिथे, त्या रांगेत उभं राहून मी त्याला टीम लीड आणि मीटिंग सांगणार होतो का? त्याने पोरीचं पोट दाबून पाहिलं, औषध लिहिलं आणि म्हणाला, "वाढ चालू आहे, काळजीचं कारण नाही. खाऊ घाला नीट. चला, पुढचे."

बाहेर येताच भाऊजी म्हणाले, "आयकलं ना? तिथं बी पोट्टी वाढूनच राह्यली होती. मंग कायले ठेवाची इथं?"

"भाऊजी, खोटं आहे ते! मी बनवलं, मले माहीत आहे."

"तुमीच बनवलं अन् तुमीच खोटं म्हनता? इंजिनिअर साहेब, तुमाले लेकरू नाई म्हनून आमचं पायजे, असं सरळ सांगा ना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दोन पावलं पुढेही झालो. पण मग बहिणीकडे पाहिलं आणि थांबलो. ती पोरीच्या डोक्यावरून पदर सारखा करत होती. खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टर म्हनते त तसंच असन भाऊ. मी तवा घाबरून गेलती. मलेच जास्त वाटलं असन."

भाऊजींचं बोलणं मी विसरेन एखादवेळी. हे नाही विसरू शकत. फडावरच्या पाचटाच्या खोपीत जिने पोरीला छातीशी धरून तिचा श्वास चालू आहे का पाहिलं, तिने ती थंडी स्वतःच्या मनातून पुसून टाकली. कुणासाठी? एका रेघेसाठी. त्यात मी काय काय टाकलं होतं आणि शेवटी उरलं हे!

मी कंपनीत भांडायचं सोडलं नाही. दर वेळी एकच उत्तर, "पुढच्या आवृत्तीत बघू." आता डेव्हलपर लोकांसाठी आमच्या कंपोनंटचं जे पान आहे, त्यावर आमचं वेगळेपण म्हणून सगळ्यात वर काय छापलंय सांगू? 'कधीही न तुटणारी रेघ'. मी ते पान उघडत नाही.

दिवाळी झाली, गाडी आली. आम्ही दोघं तांड्यावर गेलो होतो. पोरीला गाडीत चढवण्याआधी बायकोने तिला नवा फ्रॉक घातला, वरून स्वेटर चढवला, टोपी बांधली. परतताना बसमध्ये बायको पिशवी मांडीवर धरून बसली होती. दुसरा फ्रॉक पिशवीतच राहिला होता.

परवा बहिणीचा फोन आला. पोरीला पुन्हा जुलाब लागलेत. मी ओरडलोच, "बाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने तिले! वजन कराले लाव, लिहून घे!" माझा आवाज कापत होता आणि तो तिला कळला. लहानपणी मी रडलो की बोलायची तसं ती बोलली, हळू, समजावत.

"काहून घाबरतं भाऊ येवढा? दवा पाजली मी. अन् वजन कायले पायजे आता? आमी घरी आलो की तुह्यं मशीन मधल्या महिन्यांचं सारं भरून काढते ना."