कुठल्या तळ्यावर जायचं?

मासे धरायला जायचं हे बाबांनी एका वाक्यात ठरवलं आणि कुठं जायचं हे ठरवायला अख्खा महिना घालवला. बहात्तर सालचा उन्हाळा तोंडावर आला होता. मी तेव्हा पाचवीत होते, आणि धीर धरणं हा गुण माझ्या अंगात तेव्हाही नव्हता.

बाबा नगरच्या डेपोत प्रवासी मोटारीचे ड्रायव्हर होते. आई मिशनच्या शाळेत बालवर्गाला शिकवायची. चर्चमागच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, त्यामुळे घरात गुपित असं काही टिकायचं नाही. आई-बाबा स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाहेरच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. असंच मला कळलं की बाबांची नजर अधू होत चालली आहे. कर्जतहून येताना दिवेलागणीला एक बैलगाडी त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसली होती. बैल वाचले, गाडीवान वाचला, बाबांना शिव्या तेवढ्या मिळाल्या. बाजारातून आणलेल्या चष्म्यानं भागत नव्हतं. आणि ड्रायव्हर लोकांची डोळेतपासणी महिन्यावर आली होती. तीत नापास झालं की स्टेअरिंग सुटणार, मग गेटवर पहारा करा नाहीतर गाड्या धुवा.

"मोटार सोडून मला दुसरं येतंय काय?" बाबा आईला म्हणाले. आतून फक्त आईच्या भांडी लावण्याचा आवाज आला. तिला बोलायला सुचलं नाही असं फार क्वचित व्हायचं, म्हणून मी घाबरले.

डेपोतल्या एका म्हाताऱ्या, विश्वासातल्या कंडक्टरनं उपाय सांगितला. मासा खायचा, डोक्यासकट. पण बाजारातला शिळा नव्हे, आपल्या हातानं धरलेला, साठलेल्या पाण्यातला. शिवाय गळ टाकून पाण्याकडं बघत बसलं की डोळे निवतात ते वेगळंच.

"मग कोळ्यांना चष्मे लागतच नसतील," आई म्हणाली.

"किती कोळी बघितलेस तू चष्मेवाले?" बाबांनी विचारलं.

आईनं विचार केला. तिला एकही आठवला नाही. झालं, बाबांना तेवढं पुरलं.

तरी एकाच उपायावर विसंबणारा हा माणूस नव्हता. तपासणी करणाऱ्या डॉक्टरच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता असायचा. काहीतरी निमित्त काढून बाबा आत गेले, तक्त्याला नाक लावून उभे राहिले आणि सगळ्या ओळी पाठ करून आले. दाढी करताना ते पाढे म्हटल्यासारख्या त्या ओळी म्हणायचे. "ट, प, ग, र," आणि मग गालावर वस्तरा. आई तिकडे पाठ फिरवून भाकरी थापायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं आमच्या बाबांनी दोन काड्या धरल्या होत्या.

आता तळं निवडायचं. खरं तर जिल्ह्यातलं झाडून सगळं पाणी बाबांना माहीत होतं, पण समोरच्या काचेतून. वीस-बावीस वर्षं ते तळ्यांच्या कडेनं मोटार हाकत आले होते आणि एकाही तळ्याकाठी उतरले नव्हते. कुठल्या वळणावर पाणी दिसायला लागतं, कुठं बाभळीआड जातं, हे ते घडाघडा सांगायचे. पाण्यात काय आहे याचा मात्र पत्ता नव्हता.

पहिल्यांदा मुळा धरण ठरलं. ते तेव्हा अगदी नवं होतं, राहुरीकडची माणसं बैलगाड्या जुंपून ते बघायला जात. मी शाळेत सांगूनही टाकलं. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "नगं. नव्या पाण्यातला मासा मुरलेला नसतोय."

"लोणचं आहे का ते?" आई म्हणाली.

मग पिंपळगावचं तळं ठरलं. जवळ होतं, सायकलवर मला पुढं बसवून जाता आलं असतं. काठ्या तोडून झाल्या, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, आणला, गळ बांधले. आदल्या संध्याकाळी बाबा डेपोतून आले ते तोंड पाडून. तिथं त्यांच्या ओळखीचे दोघंतिघं रविवारी जाऊन बसतात असं कळलं होतं. "गोंगाट असंल. मासा पळतो गोंगाटानं." ते तळं बाद झालं. भंडारदऱ्याला पाणी उदंड, पण तिकडं जायला यायला दोन दिवस लागणार आणि मुक्काम करावा लागणार. तेही बाद. मेहेकरीचं नाव निघालं आणि निघालं तसं बुडालं, कारण म्हणे त्या बाजूला डेपोतल्या एकाची सासुरवाडी होती.

मला शाळेत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. "कुठं गेलीस मग?" असं मुली विचारायच्या आणि मी दर सोमवारी नवं तळं सांगायचे. घरी आले की चिडचिड करायची, काठी उचलायची, ठेवायची, दारात जाऊन उभी राहायची. बाबाही तसेच. जेवताना उठून बाहेर जाऊन यायचे, खाटेवर पडले की पाय हलवत राहायचे. आई म्हणायची, घरात दोन भुंगे सोडलेत कोणीतरी.

शेवटी तिनंच मुद्द्याला हात घातला. "अहो, तुम्हाला पाणी नकोय, आडोसा पाहिजे. डोळ्यांचं डेपोत कुणाला कळायला नको एवढंच ना?"

बाबा हळूच म्हणाले, "डेपोतलं मानूस नसावं. आन मोटारीच्या रस्त्यावरनं काठ दिसू नये. बस्स."

"मग मोटारीनं जाताच कशाला? रेल्वेनं जा."

मोटारीच्या ड्रायव्हरला हे सुचणं शक्यच नव्हतं. रेल्वे म्हणजे त्यांच्या लेखी सवत. पण विसापूरचं तळं आगगाडीच्या वाटेवर होतं, स्टेशनापासून चालत गाठता येण्याजोगं होतं, आणि लांबच्या अंगाला माणूसकाणूस नव्हतं. तपासणी सोमवारी होती. आम्ही आदल्या दिवशी, रविवारी निघालो. प्रार्थनेला दांडी मारायची म्हणून आई जरा फुगली, तर बाबा दारातून म्हणाले, "येशूचे शिष्यबी मासेच धरायचे की गं." त्यावर आईला हसू आवरलं नाही. महिन्यात पहिल्यांदाच ती हसली होती.

दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बाबांना पाच मिनिटं स्वस्थ बसवेना. फाटक आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, ब्रेक असल्यासारखा. गाडी शिट्टी वाजवून तशीच पुढं जायची आणि बाबा मान हलवायचे. समोर बसलेल्या बाईनं मला विचारलं, "बाबांचा पाय दुखतोय का गं?" मी हो म्हटलं.

तळ्याचं पाणी बरंच आत गेलं होतं. काठावर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, पुढं काळसर ओल आणि मग पाणी. ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यांत यायचं. आम्ही लांबच्या अंगाला जाऊन बसलो. गळाला कणकेची गोळी लावली आणि तंगसाला बाटलीचं बूच बांधलं. बूच पाण्यावर तरंगतं आणि माशानं गोळी ओढली की बुडतं. ते बुडालं की काठीला हिसका द्यायचा, एवढंच शास्त्र.

बाबांनी गळ टाकला आणि पाण्याकडं बघत बसले. बूच बुडालं. मी बाबांकडं पाहिलं. ते बघतच होते. बूच वर आलं, गोळी गेलेली. दुसऱ्यांदा तसंच झालं. मला वाटलं, मुरलेले मासेबाज असंच थांबत असतील. तिसऱ्यांदा बूच खाली गेलं तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बाबा, ओढा!"

त्यांनी हिसका दिला आणि वीतभर शिंगटा फडफडत चिखलावर येऊन पडला. मी नाचले. बाबा नाचले नाहीत. त्यांनी मासा पिशवीत टाकला, नवी गोळी लावली आणि विचारलं, "बूच कुठं हाय आत्ता?"

"ते काय, समोर."

"समोर कुठं?"

मी बोट दाखवलं. बाबांनी माझ्या बोटाकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, डोळे बारीक केले, तळहाताची सावली धरली. मग म्हणाले, "तू सांगत जा मला."

त्यानंतर आमचं बेस जमलं. मी बूच बघायचं, बाबांनी काठी धरायची. मी "ओढा" म्हटलं की ते ओढायचे, जराही उशीर नाही. चार शिंगटे आणि एक मरळ मिळाला. त्या दिवशी माझ्याइतकं आनंदात नगर जिल्ह्यात कुणी नसेल. महिनाभराची तडफड एका दुपारी फिटली आणि बाबा सबंध दिवस माझ्या एकटीचे होते. ते का बोलत नाहीत हे मी विचारलंच नाही. मासा पळेल म्हणून बोलत नसतील असं मी धरून चालले.

संध्याकाळी आईनं झणझणीत कालवण केलं. सगळी डोकी बाबांच्या ताटात वाढली आणि बाबांनी मुकाट्यानं चोखून चोखून खाल्ली. आईनं मध्येच विचारलं, "ओळी म्हणून घेऊ का एकदा?" बाबा म्हणाले, "नगं, पाठ हायेत."

सोमवारी मी शाळेतून आले तर बाबा घरीच. दिवसाउजेडी ते खाकी कपड्यांत दारात बसलेत हे दृश्य मला नवीन होतं. आई अजून आली नव्हती. मी दप्तर न टाकताच विचारलं, "पास झालात?"

"न्हाई."

"ओळी विसरलात?"

"न्हाई. सगळ्या येत हुत्या." बाबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "डॉक्टरनं पयली ओळ इचारली. दिसली, सांगितली. दुसरी इचारली. तोंडावर आलती बघ. म्हनलं, दिसत न्हाई."

मला इतका राग आला की दप्तर मी ओट्यावर आपटलं. महिनाभर ऐकून ऐकून त्या ओळी मलासुद्धा पाठ झाल्या होत्या. मी म्हटलं, "येत होतं तर सांगायचं ना!"

"काल मला बूच एकदाबी दिसलं न्हाई, पोरी. तू वढा म्हनलीस तवा म्या वढलं. मोटारीत मागं पन्नास मानसं बसत्यात. तितं मला कोन सांगनार?"

ते अगदी साधेपणानं बोलले, हिशेब समजावून सांगावा तसे. पाय हलत नव्हता. महिन्याभरात त्यांना असं स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि त्या स्वस्थपणानंच मला रडू फुटलं.

"मी सांगितलं असतं," मी म्हणाले. "मी बसले असते ना तुमच्या शेजारी, रोज."

बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं आणि आई येईपर्यंत माझा हात धरून तसेच बसून राहिले.