काठीवरचा फोकस
लेन्सचं झाकण काढलं की तिच्या रबराचा उग्र वास अजून येतो आणि हडपसरच्या पुढची ती नदीकाठची सकाळ आठवते. कॅमेरा एका कंपनीचा आणि पक्ष्यांसाठी घेतलेली लांब पल्ल्याची लेन्स दुसऱ्याच, स्वस्त कंपनीची. आज जमलं नाही तर दुकानात परत करायची, असं ठरवूनच मी गेले होते. शेजारी स्टूल टाकून बसलेले काका आपल्या भल्यामोठ्या लेन्सआडून म्हणाले, “अहो, हिचा फोकस लागेपर्यंत पक्षी मुंढव्याला पोचलेला असेल.” खरंच होतं ते. उडता खंड्या टिपायला गेले की फोटोत नुसता निळा डाग यायचा. पण सूर मारून झाला की तो पाण्यातल्या त्याच वाळक्या काठीवर येऊन बसत होता. मग मी त्याच्यामागे लागणं सोडलं, काठीवर फोकस लावून ठेवला आणि थांबले. तो आला, चोचीतल्या तडफडत्या माशासकट स्वच्छ टिपला गेला. काकांनी माझ्या स्क्रीनमध्ये बराच वेळ डोकावून पाहिलं. मग आपलं स्टूल उचलून माझ्या काठीसमोर आणून ठेवलं. लेन्स परत गेली नाही. आजही कुठे गेले की मी आधी पक्षी शोधत नाही, काठी शोधते. पक्षी येतोच.