खांड्याशी लागलेलं लग्न

मला न्यायला गाडी आली तेव्हा पुढच्या सीटवर नवरा नव्हता, तलवार होती. लाल शेल्यात गुंडाळलेली, वरून सीटबेल्ट लावलेला. राजांचे कारभारी उतरून म्हणाले, "राजेसाहेब मुंबईत अडकलेत. आमच्यात अशा वेळी खांड्याशी लग्न लावतात. जुनी रीत आहे."

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बाजूला घेतलं. "सुमे, माणूस का येत नाय, ते तरी विचार."

"अण्णा, सौदा माझा आहे. तुम्ही गप बसा."

सौदाच होता तो. डोंगराकडच्या त्या जुन्या संस्थानाच्या हातातली जिल्हा परिषदेची जागा मध्येच रिकामी झाली होती, आणि ती महिलांसाठी राखीव. राजे विधुर, घरात उभी करायला बाई नाही. मी लासलगावच्या बाजारात गोल्टी, म्हणजे बारका कांदा, घेऊन हॉटेलांना पुरवायचे. भांडखोर म्हणून सगळा बाजार मला ओळखायचा. त्यांना सभा गाजवणारी बाई हवी होती, मला राणीसाहेब व्हायचं होतं.

नवरा येत नाही म्हटल्यावर मी त्याचीही किंमत वसूल केली. मग बाजारातला गाळा माझ्याच नावावर राहील, गढीच्या मुदपाकखान्यात माझा शब्द चालेल. कारभारी सगळ्याला हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस कुठेतरी वसूल करणार असतो, हे मला बाजारात कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तरी मी तलवारीला हार घातला आणि जिंकले असं समजून गाडीत बसले.

प्रचारात पाड्यापाड्यांवर गळा बसेपर्यंत बोलले. निवडून आले, गुलाल राजांना लागला. राजे मला भेटायचे ते मंचावर, शेजारच्या खुर्चीत, माइककडे बघत. दसऱ्याच्या पूजेला त्यांच्या शेजारचा पाट गेलेल्या राणीच्या फोटोला होता. माझा मागे, खांड्याजवळ. लग्न कुणाशी लागलंय ते तेव्हा कळलं.

मुदत संपली, पुढच्या निवडणुकीला जागा खुली झाली. दुसऱ्याच सकाळी कारभारी दारात.

"ताई, गाडी लावलीय."

कालपर्यंत राणीसाहेब होते, आज ताई. मी कडाडले, "राजांना बोलवा."

"त्यांचा काय संबंध? तुमचं लग्न खांड्याशी. देवघरात आहे, निरोप घ्यायचा तर घ्या."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

माहेरी नि बाजारातल्या गाळ्यावर कुठल्या तोंडानं जाणार? नाशिकला उतरले. तिथेच अंबडच्या कारखान्यांजवळ खोली घेतली, कंपन्यांच्या कॅन्टीनला कांदा-बटाटा द्यायला लागले. मुजरे गेले, गेटपास आला. वॉचमन मला "ओ कांदेवाली" म्हणतो, त्याचं काही वाटत नाही. वाटलं ते वहिनीच्या फोनचं. "वन्सं, अण्णा पारावर सांगतात, सुमीला मंत्रालयातून फुरसत नाय." ढिगाच्या वर चांगला कांदा आणि खाली खराब लावणाऱ्याला शिव्या घालणारा माणूस सगळं कळूनही माझ्यासाठी रोज खोटं बोलत होता. घरी जायचं तर त्यांना सगळ्या गावात खोटं पाडून जावं लागणार होतं. म्हणून गेलेच नाही.

मग नाशकात माल मिळेना, तेव्हा लासलगावला जावंच लागलं. ट्रॉल्यांच्या रांगेतून लिलाव पुढे सरकत होता. पुढची ट्रॉली अण्णांची निघाली. एक जुना व्यापारी ओरडला, "काय अण्णा, राणीसाहेब स्वतः खरेदीला? नोकरचाकर मेले काय?" रांगभर हशा.

अण्णा कांद्यावर उभे होते. माझ्याकडे बघितलंही नाही. "राणीसाहेब कुणी नाय इथं. त्यांनी तिला टाकली. ही माझी सुमी हाय, माल घ्यायला आलीय. बोला, भाव बोला."

हसणं थांबलं. मला त्या क्षणी अण्णांचा इतका राग आला की तिथून पळावंसं वाटलं. पण पुकारा कुणासाठी थांबत नाही. मी बोली लावली.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून घरी गेले. कारभाऱ्यावरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. लाजही तशीच आहे, बाजारात अजून मान खाली घालून फिरते. पण मोठ्या घरात जाऊन परत फिरलेल्या मुलींनो, नाशिकला माझी नुसती खोली आहे. घर त्या म्हाताऱ्याचं, ज्यानं माझी लाज चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि मग मला ट्रॅक्टरवर जागा करून दिली.