पालीच्या अंगणातला बर्फ

माझी आई दरवर्षी मे महिन्यात सुके बोंबील आणायला पाली या समुद्रकाठच्या कोळीवाड्यात जायची. आमच्या घराजवळ केबिन रोडवर सगळं मिळायचं, पण रत्नागिरीहून आलेल्या माझ्या आईला दुकानातली सुकी मासळी पसंत नव्हती. पालीतली एक कोळीण तिची ठरलेली. मी तिला मावशी म्हणायचे. दोघी साठीच्या, आणि भेटल्या की भांडल्यासारख्या बोलायच्या.

२००० नंतर पाच-सहा वर्षं झाली असतील. मी नवीनच नोकरीला लागले होते आणि सुट्टी म्हणून आईबरोबर गेले. बसमधून उतरलो तेव्हा बारा वाजले होते. नेहमी समुद्रावरून येणारा वारा त्या दिवशी नव्हताच. मावशीच्या अंगणात पोहोचेपर्यंत आईचा चेहरा लालबुंद झाला होता आणि घाम मात्र थांबला होता. तिने मला विचारलं, "बाबांचा डबा भरलास का?" बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी घाबरून पाण्याची बाटली काढली. मावशीने माझा हात धरला.

"आता पाणी नको. शुद्धीत न्हाय ती, ठसका लागंल."

तिने आईला ओटीवर आडवं केलं. मासळीच्या खोक्यातला बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत लावला, लुगड्याचं ओलं धुडकं अंगावर टाकलं आणि सुपाने वारा घालत राहिली. "माझी जाऊ अशीच पडली गेल्या साली," ती म्हणाली. "ऊन पयल्यासारखा न्हाय राह्यला. आम्ही पण आता दुपारचे घरातच बसतो."

तोवर शेजाऱ्याने रिक्षा आणली. मावशी बर्फ धरून दवाखान्यापर्यंत बरोबर आली. डॉक्टर सलाईन लावताना म्हणाले, "बर्फ लावलात म्हणून बरं. हल्ली मार्चपासूनच असे पेशंट येतायत."

संध्याकाळी आई शुद्धीवर आली. स्वतःच्या हाताचा वास घेऊन तिने विचारलं, "मला कोणी मासळीच्या पाटीत घातलं होतं काय?" मावशी इतकी हसली, की नर्सने दटावलं. मी मात्र रडले.

पुढच्या वर्षी आम्ही सकाळी सातच्या बसने गेलो. मावशीने आधी आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग स्वतःचं कपाळ पदराने पुसून पुढे केलं.

"आता माझा पण बघ."

आईने बघितलं.