लॉकच्या भिंतीवरचा संसार

बोटीवरच्या माणसाशी लग्न करू नकोस, असं मी हिल्माला तेव्हाच सांगितलं होतं. ऐकतेय कोण! 'लेडी मॅरियन' या प्रवासी बोटीवर ती जेवण वाढायची आणि वॉल्फ्रेड बोटीच्या तळाशी भट्टीला कोळसा घालायचा. वर शिकागोची श्रीमंत मंडळी बँडच्या तालावर नाचत असायची, तेव्हा ही दोघं मागच्या जिन्यात बसून उरलेला केक खायची. पुढे लोकांनी मोटारी घेतल्या आणि 'मॅरियन' रिकामी पडली. कुणी म्हणालं हॉटेल करू, कुणी म्हणालं संग्रहालय करू. शेवटी एका हिवाळ्यात धक्क्याला बांधल्या जागीच ती जळून गेली. तोवर वॉल्फ्रेड 'एल्मर हॉस्किन'वर लागला होता, खाणींचं लोखंड वाहणाऱ्या लांबलचक बोटीवर. हिल्मा माझी शेजारीण झाली होती.

वसंतात सरोवरांवरचा बर्फ फुटला की तो जायचा, तो नाताळाच्या तोंडावर यायचा. मधल्या काळात भेट फक्त लॉकवर, म्हणजे कालव्यातल्या फाटकबंद हौदावर. सुपीरिअर सरोवराचं पाणी खालच्या ह्यूरन सरोवरापेक्षा दोन मजले उंच, म्हणून बोट लॉकमध्ये कोंडून, पाणी भरून वर चढवायची किंवा पाणी सोडून खाली उतरवायची. तेवढा वेळ आमच्या बायका भिंतीवर उभ्या. बोट वर जाताना नवरा पाण्याबरोबर वर यायचा, आधी टोपी, मग कपाळ, मग हसरं तोंड. लोखंड भरून परतताना सगळं उलट. समोरासमोर बोलता बोलता माणूस खाली खाली जायचा.

हिल्मा धुतलेल्या शर्टांचं गाठोडं आणि फडक्यात बांधलेल्या, मांस-सलगम भरलेल्या गरम पास्ट्या कठड्यावरून द्यायची. माझी कॉफीची टपरी तिथंच, त्यामुळे गावातले निम्मे संसार माझ्या कानावरून गेलेत.

"मागच्या वेळी सलगम कमी पडलं होतं गं," तो ओरडायचा.

"मग कप्तानाच्या बायकोला करायला सांग! तिला काय काम असतं?"

अख्खी बोट हसायची. मीही हसायचे.

त्यांची मुलगी लेंपी नुकती बोलायला लागली होती तेव्हा तिला घटसर्प झाला आणि तीन दिवसांत ती गेली. बोट तेव्हा सुपीरिअरवर होती. लोक म्हणाले, बिनतारी संदेश पाठवू. हिल्माने साफ नाही म्हटलं. "परक्याच्या तोंडून नको. मी सांगेन."

त्या दिवशी ती रिकाम्या हातांनी भिंतीवर आली. वॉल्फ्रेड बोट भिंतीला धरून ठेवणारा दोर सांभाळत होता. बोट उतरते तसा दोर थोडा थोडा सोडत राहावा लागतो. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, आता हा उडी मारून भिंतीवर येणार. दोर कुणीही धरला असता. त्याने मान खाली घातली आणि तो दोर सोडत राहिला. आधी तोंड दिसेनासं झालं, मग टोपी. फाटक उघडलं, बोट निघून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही लेंपीला पुरलं. मला त्याचा इतका संताप आला होता की वर्षभर मी त्याला कॉफी दिली नाही.

हिल्माने मात्र भिंतीवर येणं चुकवलं नाही. शर्ट आणायची, पास्ट्या आणायची. बोलायची ते मात्र हवापाण्याचं. पुन्हा मूल झालं नाही.

मग पोलादाचे कारखाने बंद पडू लागले. एकेक नवी बोट तीन-तीन जुन्या बोटींचं काम करू लागली. 'हॉस्किन' वरच्या सरोवरात बांधून ठेवली आणि वॉल्फ्रेड कायमचा घरी आला.

"सेल्मा, तो दिवसभर घरात असतो गं," हिल्मा माझ्याकडे येऊन म्हणाली.

"मग बोल की त्याच्याशी!"

"काय बोलू? आम्हाला सवय पाणी उतरेपर्यंतची."

गेल्या शरदात 'हॉस्किन' मोडीत निघाली. दोन टग-बोटी तिला ओढत आणणार म्हणून दोघंही भिंतीवर आली. पहिल्यांदाच एका बाजूला उभी. मी कॉफी घेऊन गेले. बोट आत आली ती गंजलेली, धुराड्यातून धूर नाही, डेकवर चिटपाखरू नाही. फाटकं लागली आणि ती खाली जायला लागली. ती जिथं उतरत होती तिथंच वॉल्फ्रेडची नजर खिळली होती. डेकवरची त्याची दोर धरायची जागा कठड्याखाली गेली, तेव्हा तो म्हणाला, "इथून माणूस दिसतच नाही की गं."

"टोपी दिसते थोडा वेळ," हिल्मा म्हणाली.

पाणी उतरतच होतं.

"त्या दिवशी मी रडत होतो," तो म्हणाला.

"मला वाटलं, दोर बघतोयस."

"दोर शेजारी उभ्या पीटरला देता आला असता. तो मागतही होता. मीच दिला नाही. उतरलो असतो तर घरात शिरावं लागलं असतं, हिल्मा. तिचा पाळणा होता तिथं. माझ्याने होणारच नव्हतं ते."

हिल्मा रिकाम्या डेककडे बघत राहिली. मग तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, लहान मुलाचं लावावं तसं.

"मी रोज शिरत होते, वॉली," ती म्हणाली.